२९४४०९ ला कशानेही भाग जात नाही

४ मार्च, सोमवार. सकाळी ५.४०

आजपासून रोजनिशी. रोज पाचला उठणे, अर्धा तास चालणे, बिनसाखरेचा चहा. चाळीस मिनिटं उशीर झाला तो गजरामुळे. गजर मी लावला नव्हता, पण रोज तो हीच लावायची, त्यामुळे चूक माझी म्हणता येणार नाही.

ही परवापासून लेकीकडे. गुडघा. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन. मी म्हटलं, जिने कमी चढत जा. तिसऱ्या मजल्यावर राहून जिने कमी कसे चढायचे ते सांगा, असं म्हणाली. वाद घालायचा विषयच नव्हता, पण तिने घातला.

चालायला गेलो नाही. बाहेर कुत्री असतात.

५ मार्च, मंगळवार

रिटायरमेंटचे कागद आले. २९ तारखेला, शुक्रवारी, निरोप समारंभ. सांगायला शिट्टी स्वतः स्टाफरूममध्ये आला. शिट्टी म्हणजे आमचे मुख्याध्यापक. मूळचे खेळाचे सर. गळ्यातली शिट्टी आता खिशात असते, पण असते. म्हणाला, सर, शेवटी तुम्ही दोन शब्द बोला. दोन शब्द! सगळी हयात गणित शिकवण्यात घालवलेल्या माणसाला दोन शब्द.

कागदावर माझा कर्मचारी क्रमांक होता. २९४४०९. शिट्टीचा २९४४०८. आम्ही एकाच दिवशी, एकाच रांगेत उभे राहून रुजू झालो. मी पाणी प्यायला गेलो तेवढ्यात हा पुढे सरकला. त्या एका आकड्याने सिनिऑरिटीत तो वर, आणि ज्याला अपूर्णांकांची बेरीज येत नाही तो माणूस माझ्या डोक्यावर येऊन बसला. कामावर रुजू होताना पाणी पिऊ नये हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

इतकी वर्षं हा नंबर सहीखाली लिहिला, पण कधी त्याच्याकडे नीट बघितलं नाही. आज बघितलं. अंकांची बेरीज २८. आणि २८ ही परिपूर्ण संख्या. तिला १, २, ४, ७, १४ यांनी भाग जातो आणि त्यांची बेरीज पुन्हा २८. हे उगाच झालेलं नसणार.

६ मार्च, बुधवार. रात्री ९

सकाळपासून एकच शंका. माझी संख्या मूळ तर नाही? मूळ म्हणजे जिला १ आणि ती स्वतः सोडून कोणाचाही भाग जात नाही. कोणाच्या बापाला न जुमानणारी.

कागद घेऊन बसलो. क्रमाने भागत गेलो. ३ ला बाकी १. ५ ला ४. ७ ला ३. ११ ला ५. १३ ला ११. १७ ला ३. १९ ला ४. २३ ला ९. २९ ला १ (इथे जरा धस्स झालं). ३१ ला २. एवढ्यात फोन. ही. काहीतरी डॉक्टरांचं सांगत होती. मी म्हटलं, अगं, मी एकतीसवर आहे, ठेव. तिने ठेवला. पण तंद्री मोडली ती मोडलीच.

नाहीतरी असं भागत बसणं हे चौथीतल्या पोरांचं काम. एक जुना, सुंदर नियम आहे. उद्यापासून तो वापरणार.

रात्रीचं जेवण ब्रेड आणि अंडं. अंडं फुटलं.

८ मार्च, शुक्रवार

नियम असा. संख्या मूळ असेल तर २ चा घात करायचा, घातांक त्या संख्येहून एकने कमी. मग आपल्या संख्येने भागायचं. बाकी १ येतेच. म्हणजे बाकी १ आली की संख्या मूळ. सरळ हिशेब.

माझ्या संख्येहून एकने कमी म्हणजे २९४४०८. म्हणजे शिट्टी! माझं मूळपण सिद्ध करायला घातांकाच्या जागी हाच बसणार. इथेही पुढे आहेच.

एवढा मोठा घात कोणी लिहीत नाही. वर्ग करायचा, बाकी घ्यायची, पुन्हा वर्ग, पुन्हा बाकी, मधूनमधून दुप्पट. अठरा वर्गांत काम होतं. हेडक्लार्ककडून बारा आकड्यांचा कॅल्क्युलेटर मागून आणला. कशाला हवा विचारत होता. म्हटलं, तुमच्या आवाक्यातलं नाही. सोमवारी परत द्या म्हणाला.

पहिल्या प्रयत्नात बाकी ८०५१३. मी कुठेतरी चुकलो. संख्या चुकणार नाही.

रविवारी हिला भेटायला जायचं ठरवलं. पहाटेची बस. नक्की.

१० मार्च, रविवार

गेलो नाही. काम नाजूक टप्प्यावर आहे.

दुपारी लेकीचा फोन. ऑपरेशन २९ तारखेला ठरलं. मी म्हटलं, २९ ला तर माझा समारंभ आहे. ती म्हणाली, डॉक्टरांनी २२ आणि २९ अशा दोन तारखा दिल्या होत्या. कुठली घ्यायची हे तुम्हाला विचारायलाच आईने बुधवारी फोन केला होता. डॉक्टर समोर बसले होते. तुम्ही ठेव म्हणालात. मग डॉक्टरांनीच २९ लिहून टाकली. २२ ला आता दुसऱ्या कोणाचा तरी गुडघा आहे.

मला नीट विचारलं असतं तर मी २२ म्हणालो असतो. पण विचारायला हवं ना. आमच्या घरात मुद्द्यावर यायला वेळ लावण्याची पद्धत आहे, त्याचे हे परिणाम.

११ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.१५

बाकी १.

दोनदा करून बघितलं. बाकी १. मी मूळ आहे!

खिडकी उघडली. समोरच्या गॅलरीत बाई कपडे वाळत घालत होती. तिला सांगावंसं वाटलं. तिने माझ्याकडे बघून पडदा ओढला.

१२ मार्च, मंगळवार

२ च्या जागी ३ घेऊन केलं. बाकी १. मग ५ घेऊन. बाकी १. मग ७. बाकी १. चार साक्षीदार, चौघांची एकच साक्ष. कोर्टात यापेक्षा कमी पुराव्यावर माणसं जन्मठेपेला जातात.

हेडक्लार्क कॅल्क्युलेटर मागत होता. दिला. म्हटलं, या यंत्रावर आज काय घडलं ते तुम्हाला पुढे कळेल. त्याने मागची बॅटरी काढून बघितली.

१३ मार्च, बुधवार

भाषण ठरलं. चाळीस मिनिटं. आधी माझी संख्या, मग संख्यांचे प्रकार, मग त्या प्रकारांची माणसं, शेवटी कोणाचं नाव न घेता २९४४०८.

या २९४४०८ चा आज अभ्यास केला. काय सापडावं? २ ने जातो. ३ ने जातो. ४, ६, ८, ९, १२, १८, २४, २७, २९, सगळ्यांनी जातो. १ आणि तो स्वतः धरून चौसष्ट भाजक! चौसष्ट जणांनी वाटून घ्यावं असा माणूस. पालक आले, हो. संस्थेचे लोक आले, हो. शिपायाला अर्धा दिवस सुट्टी हवी, हो. अशाला लोक चांगला म्हणतात. मी याला भाग जाणारा म्हणतो.

शिवाय स्वतःला सोडून बाकी भाजकांची बेरीज केली तर ५६९५९२. म्हणजे जेवढा आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. अशा संख्येला अधिक संख्या म्हणतात. आत माल कमी, देखावा जास्त. अगदी बरोबर.

माझे भाजक दोनच. मी आणि १. हा १ म्हणजे ही. इतक्या वर्षांत मला भाग गेला असेल तर फक्त तिचाच. हे तिला सांगितलं तर खूश होईल. भाषणातही घ्यावं.

१४ मार्च, गुरुवार

शिट्टीने केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, सर, वहिनींचं ऑपरेशन त्याच दिवशी आहे असं कळलं. समारंभ आठवडाभर पुढे ढकलू. मी सगळ्यांशी बोललोय, कोणाची हरकत नाही.

डाव लगेच लक्षात आला. आठवडाभर पुढे म्हणजे परीक्षा सुरू. परीक्षेत हॉल मिळत नाही. मग स्टाफरूममध्येच हार, बिस्किटं आणि खरोखर दोन शब्द. माझ्या भाषणाचा वास याला लागलेला आहे. मी शांतपणे सांगितलं, घरच्या गोष्टी मी कामाच्या आड येऊ देत नाही. तारीख तीच राहील. त्याने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. बघा, इथेही भाग गेला.

संध्याकाळी हिला फोन केला. म्हणाली, समारंभ एक-दोन दिवस पुढे नाही का हो घेता येणार? भूल देतात त्याची भीती वाटते. तुम्ही बाहेर असलात तर बरं. मी म्हटलं, मुख्याध्यापक ऐकायलाच तयार नाही. त्याचा स्वभाव तुला माहीत आहे. ती म्हणाली, नाही ऐकलं का, बरं.

तसं बघितलं तर तो मनातून ऐकणारच नव्हता. मी फक्त मधल्या पायऱ्या गाळल्या.

१७ मार्च, रविवार

आज जायचं नक्की होतं. पण भाषणाचं एकोणिसावं पान अडलं. शिवाय बसमध्ये पाठ धरते.

फोनवर हिला १ ची गोष्ट सांगितली. माझ्या संख्येला फक्त तुझाच भाग जातो, असं म्हटलं. मग म्हणाली, एकने भागलं काय आणि नाही भागलं काय, उत्तर तेच येतं ना? म्हटलं, हो. म्हणाली, तेच म्हणते मी.

तिला गणितातलं सौंदर्य कळावं अशी अपेक्षा नव्हतीच.

घरात चमचे कुठे असतात ते सापडत नाही. मोठा चमचा वापरतो आहे. त्याने चहा ढवळता येतो, पण कपात मावत नाही.

१९ मार्च, मंगळवार

माझ्या जागी नव्या बाई आल्या आहेत. वय असेल पंचवीस. बोलणं हळू. कालपासून माझ्या टेबलाशेजारी छोटं टेबल टाकून बसतात. आपल्यानंतर गणिताची धुरा कोण वाहणार हे बघावं म्हणून भाषणाची फोटोकॉपी त्यांना वाचायला दिली. डबा खाता खाता वाचली. बाराव्या पानावर खायच्या थांबल्या. मला वाटलं, भारावल्या.

मग विचारलं, सर, आधी छोट्या छोट्या मूळ संख्यांनी भागून बघितलंत ना? मला हसू आलं. म्हटलं, बाई, ज्याच्याकडे किल्ली असते तो दार फोडत नाही. त्या म्हणाल्या, नाही, पण... तेवढ्यात तासाची घंटा झाली.

हल्लीच्या पिढीत धीर नाही.

२१ मार्च, गुरुवार

नव्या बाई दोनदा टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात घडी केलेला कागद. बहुधा माझ्यावर काही लिहिलं आहे. निरोपाच्या वेळी अशी कौतुकाची पत्रं लोक देतात. म्हटलं, आता नको, समारंभ झाल्यावर द्या. डोळे भरून आले की मला बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, सर, आधीच बघितलंत तर बरं. आग्रह मनाला लागला, पण मी तत्त्वाचा पक्का.

नंतर त्या शिट्टीच्या केबिनमध्ये गेलेल्या दिसल्या. बाहेर आल्या तेव्हा कागद पर्समध्ये होता. तिथेही माझंच कौतुक चाललं असणार. त्याला ते ऐकावं लागलं.

२४ मार्च, रविवार

हा शेवटचा रविवार. आज जाणं शक्यच नव्हतं. सूट इस्त्रीला टाकला आहे आणि दुकान बंद. सूट नसताना प्रवासाला निघायचं तर मन त्या सुटातच राहतं.

लेकीला फोनवर संख्यांचे प्रकार समजावले. भाजकांची बेरीज संख्येइतकी तर परिपूर्ण, जास्त तर अधिक, कमी तर न्यून. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, बाबा, मूळ संख्येचा स्वतःला सोडून भाजक एकच ना, १? मग बेरीज १. म्हणजे मूळ संख्या तर सगळ्यांत न्यून.

मी म्हटलं, तो विषय वेगळा आहे.

म्हणाली, शुक्रवारी सकाळी नऊला आईला आत नेणार आहेत. यायचं असेल तर या. नसेल तर आईला तसं स्पष्ट सांगा, ती रोज माझ्या मुलाला खिडकीत बसवून बस बघायला लावते. हे सगळं ती हसत हसत म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

ठराव. समारंभ चारला संपतो. पाचची बस. रात्री दहाच्या आत तिथे. भूल उतरेल तेव्हा मी समोर, हातात समारंभातली फुलं. जगातले सगळेच मोठे लोक दोन्ही आघाड्या सांभाळतात.

२८ मार्च, गुरुवार

आरशासमोर भाषण केलं. पंचावन्न मिनिटं झाली. काही गाळावं असं काही नाही.

हिचा फोन आला होता, पण मी शेवटच्या पानावर होतो. मग मी केला तर लेकीने उचलला. आई झोपली म्हणाली. संध्याकाळी सात वाजता?

२९ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ७.३०

घरीच आहे. क्रमाने लिहितो.

सकाळी नऊला हिची आठवण झाली. म्हणजे झाली होती, पण तेव्हा टायची गाठ बसत नव्हती.

हॉल भरला होता. मुलांना वर्गवार आणून बसवलं होतं. शिट्टी माझ्याबद्दल बोलला. एकही विनोद केला नाही. म्हणाला, सरांनी एकही तास चुकवला नाही. हे खरं आहे. मग मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. मग माझं भाषण.

पंधराव्या मिनिटाला मागच्या रांगा हलायला लागल्या. शिट्टीने उठून त्यांच्याकडे नुसतं बघितलं, गप्प झाल्या. पंचविसाव्या मिनिटाला मी हात वर करून म्हणालो, या संख्येला कशानेही भाग जात नाही. या हॉलमध्ये कोणी असेल तर भागून दाखवावी! शांतता. अशी शांतता मी उभ्या नोकरीत ऐकली नव्हती. शिक्षकांच्या रांगेत नव्या बाई स्वतःच्या चपलांकडे बघत होत्या. पुढे २९४४०८ च्या चौसष्ट भाजकांवर बोललो. शिट्टीकडे बघत बोललो. तो मान हलवत ऐकत होता. संपल्यावर पहिली टाळी त्याची.

लोक प्रश्न विचारायला येतील म्हणून खाली थांबलो. मुलं गेली. शिक्षक गेले. शिपाई खुर्च्या उचलायला लागला, माझीही उचलू का म्हणाला. तोवर पाचची बस गेली होती.

गेटपाशी नव्या बाई उभ्या होत्या. कागद हातात दिला. वर काही लिहिलेलं नव्हतं, कौतुक वगैरे नव्हतं. फक्त भागाकार. ३७ ने. भागाकार ७९५७, बाकी शून्य. खाली आणखी एक ओळ. ७९५७ म्हणजे ७३ गुणिले १०९.

मी म्हटलं, अशक्य. चार साक्षीदार आहेत. त्या हळू आवाजात म्हणाल्या, सर, नियम एका दिशेचा आहे. मूळ असेल तर बाकी १ येते. पण बाकी १ आली म्हणून मूळ असतेच असं नाही. काही थोड्या संख्या अशा असतात की ज्या मूळ नसूनही प्रत्येक वेळी पास होतात. तुमची त्यांतली आहे. ३७, ७३ आणि १०९ यांतून एक वजा केला की ३६, ७२ आणि १०८. या तिन्हींनी २९४४०८ ला भाग जातो, म्हणून तुमच्या संख्येचं जमून जातं. शेजारची संख्या इतक्या जणांचा भाग जाऊ देणारी नसती तर तुमची पहिल्याच परीक्षेत नापास झाली असती.

म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंत? म्हणाल्या, दोनदा आले होते, सर. मग मुख्याध्यापकांना विचारलं काय करू. ते म्हणाले, राहू द्या, त्यांचा दिवस आहे, आणि त्यांना गुणाकार-भागाकार काय कळतं असं लोकांना वाटायला नको.

म्हणजे त्याला माहीत होतं. मी चौसष्ट भाजक मोजत होतो तेव्हा त्याला माहीत होतं, आणि तो मान हलवत होता.

घड्याळ भिंतीला लावायला खिळा नाही. खिळ्यांचा डबा कुठे असतो हे हिला माहीत.

३० मार्च, शनिवार. सकाळी

६ तारखेचं पान पुन्हा वाचलं. ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१. पुढची मूळ संख्या ३७. एकच भागाकार राहिला होता. दोन मिनिटांचं काम.

तिने तेव्हा फोन केला नसता तर मी ३७ पर्यंत गेलो असतो.

मी तो फोन नीट घेतला असता तर ऑपरेशन २२ ला झालं असतं.

दुसरं वाक्य खोडायचं होतं. पेन चाललं नाही. दुपारच्या बसने निघतो.

३१ मार्च, रविवार. लेकीच्या घरून

ऑपरेशन चांगलं झालं. दवाखान्यात ही पलंगावर, पायाला मोठं बांधलेलं. मला बघून म्हणाली, दाढी नाही केलीत. मी फुलं पुढे केली. समारंभातली, परवाची होती, मान टाकलेली. तिने उशाशी ठेवून घेतली.

मी सुरुवात केली की हॉल भरला होता. ती म्हणाली, हो, कळलं. तुमच्या मुख्याध्यापकांचा फोन आला होता, शुक्रवारी सकाळी, मला आत न्यायच्या आधी. म्हणाले, वहिनी, घाबरू नका. मी सरांना म्हटलं होतं आपण पुढे ढकलू, पण ते कर्तव्याचे पक्के. म्हणजे कौतुकच करत होते हो तुमचं.

लेक खिडकीतून बाहेर बघायला लागली. बाहेर पार्किंग होतं.

मी म्हटलं, त्याचा बोलण्याचा सूर वेगळा होता तेव्हा, तुला कसं सांगू. ती म्हणाली, नका सांगू. रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. इतकी वर्षं आम्ही भांडणावरच बोलत आलो.

डॉक्टर म्हणतात तीन महिने जिने नाहीत. लेकीचं घर तळमजल्यावर. ही म्हणाली, मी इथेच राहते. मी म्हटलं, तीन महिन्यांनी न्यायला येतो. म्हणाली, बघू. मी विचारलं, बघू म्हणजे? म्हणाली, तिसरा मजला तिसराच राहणार ना.

चमचे कुठे असतात ते विचारलं. ओट्याखालच्या दुसऱ्या खणात, म्हणाली.

२ एप्रिल, मंगळवार

परत आलो. लेकीने राहा म्हटलं नाही. म्हणजे म्हटलं, पण पिशवी भरून दिल्यावर.

चमचे दुसऱ्या खणातच होते. सहा. सगळे माझ्यासाठी.

आजपासून शाळा नाही. पाचला जाग आली. गजर लावला नव्हता. चालायला गेलो नाही. कुत्री नव्हती.

नव्या बाईंचा कागद पुन्हा काढला. तपासला. चूक नाही.

७ एप्रिल, रविवार. सकाळी ११

गेले पाच दिवस वाया गेले नाहीत. नव्याने विचार केला. आपण निराश व्हायची घाई केली. ३७ आणि ७३ बघा, एकमेकांचे उलटे! शिवाय अशा पास होणाऱ्या संख्या मूळ संख्यांपेक्षा कितीतरी दुर्मीळ. मूळ संख्या काय, पायलीच्या पन्नास. मूळ नसून मूळ वाटणं, तेही प्रत्येकाला, यालाच जास्त गुणवत्ता लागते. आणि तीन भाजक. ३७, ७३, १०९. एकटा नाही, तिघांचा मिळून झालेला. एक मी, एक ही, एक लेक. इतके दिवस मी तिला १ म्हणत होतो, तिथेच चुकत होतं. ती ३७ आहे. जिच्यापर्यंत मी पोचलो नव्हतो ती.

हे तिला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं. हे ऐकल्यावर ती नक्की येईल. पुस्तिका काढायची, पहिल्या पानावर तिचा उल्लेख. खिळ्यांचा डबाही विचारायचा आहे.

त्याच दिवशी. ११.२०

फोन केला. बऱ्याच वेळाने उचलला. धाप लागली होती. डॉक्टरांनी पाय उचलायचा व्यायाम दिला आहे, रोज चाळीस वेळा. मधे थांबलं की पहिल्यापासून करावं लागतं.

मी म्हटलं, अगं, ऐक, एक महत्त्वाचं सापडलंय.

म्हणाली, मी एकतीसवर आहे. ठेवा.

टोमणा नव्हता. तिला खरंच मोजायचं होतं. मागे लेकीचा मुलगा बत्तीस म्हणाला, तेही ऐकू आलं.

ठेवला.